सुईखालचं कापड

खोटं कसं बोलावं हे ज्याला शिकायचं असेल त्याने आमच्या मास्तरांकडे शिकवणी लावावी, असं मी चारचौघांत बोलून दाखवायची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. माझं बटणांचं दुकान आणि समोर रस्ता ओलांडला की त्यांचं. एक लांबट खोली, पुढे कापायचं टेबल, मागे मशीन, भिंतीला एक आरसा. त्या आरशात माणूस असतो त्यापेक्षा जरा सडपातळ दिसतो. असला आरसा त्यांनी मुद्दाम शोधून आणला असणार, असा माझा जुना संशय आहे. छताजवळ एक आडवी दांडी आणि तिच्यावर गल्लीतल्या निम्म्या लोकांचे अर्धेमुर्धे कपडे लटकलेले. बाह्या नसलेले शर्ट, पाय नसलेल्या पँटी, कॉलरवाचून ताटकळलेली झबली.

"उद्या या," हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर. तेही इतक्या प्रेमाने द्यायचे की माणूस रागावून आलेला असला तरी आभार मानून परत जायचा. पाववालीच्या मुलीचा वाढदिवसाचा फ्रॉक तिला तयार होऊन मिळाला तेव्हा तो तिच्या धाकट्या बहिणीला होत होता. औषधवाल्याने मुलाखतीसाठी शिवायला टाकलेली पँट त्याला हाती येईपर्यंत त्याने नोकरीचा नाद सोडून स्वतःचं दुकान थाटलं होतं. पण हातात पडलेला कपडा असा बसायचा की पुन्हा तिथेच जावं. त्या माणसाने गल्लीला लाडावून ठेवलं होतं आणि तिच्या नाकी नऊही आणले होते.

उशिराबद्दल त्यांना कधी लाज वाटली नाही. उलट त्यांची एक पद्धत होती, तिचा त्यांना अभिमान. दुकान बंद करताना मशीन कधी रिकामं सोडायचं नाही. सुईजवळचा तो लोखंडी पाय, जो कापड दाबून धरतो, त्याच्याखाली बाकीचे शिंपी एखादी चिंधी सारून ठेवतात, म्हणजे खालचे दाते झिजत नाहीत. मास्तर चिंधी ठेवायचे नाहीत. ते दुसऱ्या दिवशीचं काम ठेवायचे. अर्धी शिवलेली कॉलर, नाहीतर खिशाची एक बाजू, सुई कापडात रुतलेली, दोरा तसाच ओवलेला.

"सकाळी आल्यावर काय करायचं ते मशीनने सांगायला पाहिजे," ते म्हणायचे. "नाहीतर माणूस चहाच पीत बसतो."

"तुम्ही तसेही चहाच पीत बसता," मी म्हणायची.

"पण अपराधी वाटून पितो, वहिनी. त्यात फरक आहे."

वहिनी मी यांच्यामुळे, माझ्या नवऱ्यामुळे. हे आणि मास्तर लहानपणापासूनचे मित्र. हे गेले त्या वर्षी मी यांचा गडद निळा कोट कपाटातून काढला आणि मास्तरांकडे नेला. म्हटलं, माझ्या मापाचा करून द्या, थंडीत घालीन. मास्तरांनी तो हातात धरला, अस्तरावरून हात फिरवला आणि दांडीवर अगदी टोकाला टांगला. त्यानंतर किती हिवाळे आले आणि गेले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी रस्ता ओलांडून जायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. कोट कुठाय? उद्या. कोट झाला का? उद्या नक्की. मग चहा व्हायचा. मग यांच्या जुन्या गोष्टी निघायच्या, कोणी कोणाची सायकल पाडली वगैरे. कोटासाठी मी जात नव्हते हे दोघांनाही ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवण्याइतके आम्ही दोघेही खुळे नव्हतो.

मास्तरांची बायको त्यानंतर गेली. ती काजं करायची, बटणं लावायची. मुलगी दुसऱ्या गावी, तिचं घर लहान, नवरा कामाचा माणूस, एक मुलगी. मास्तर मागच्या खोलीत एकटे राहायला लागले. गेल्या थंडीत त्यांचा उजवा हात थोडा थरथरायला लागला. सुईत दोरा ओवायला वेळ लागायचा, तेव्हा ते बोलायचे नाहीत, नुसते दोऱ्याकडे बघत राहायचे. चहा गार व्हायचा. गालफडं बसली. "झोप लागत नाही," एवढंच म्हणाले एकदा. मी म्हटलं, दुपारी झोपू नका. मला वाटलं, मोठाच उपाय सांगितला.

मग मुलगी येऊन दोन दिवस राहून गेली, बाबांना आता माझ्याकडे नेणार असं गल्लीभर सांगून गेली. ती गेल्यावर मास्तर आणखीनच मिटले. आणि मग एके दिवशी एकदम उजाडल्यासारखे झाले.

दाढी घोटलेली, शर्ट कडक. मशीनचा आवाज सकाळी मी दुकान उघडायच्या आधीपासून. पाववालीला फ्रॉक मिळाले, सगळे. औषधवाल्याच्या पँटी मिळाल्या, बटणांसकट. ज्यांनी आपले कपडे मेले असं समजून त्यांचा नाद सोडला होता त्यांच्या घरी मास्तर स्वतः पिशवी घेऊन गेले. गल्लीत नुसता आनंदीआनंद. "आज सूर्य पश्चिमेला उगवला!" असं जो तो म्हणत होता. औषधवाला तर पँट घालून माझ्या दुकानात दाखवायला आला. मीही हसले. का हसू नये? ज्याने आयुष्यभर तोंडाला पानं पुसली त्याने एकदम शब्द पाळायला सुरुवात केली तर माणूस संशय कशाला घेईल, तो मिळेल ते घेऊन घरी पळतो. आम्ही सगळे पळालो.

त्यानंतर ते माझ्या दुकानात आले. हातात पत्र्याचा डबा. त्यात न वापरलेली बटणं, कोऱ्या चेनी, अस्तराचा दोरा.

"हे परत ठेवा, वहिनी. तुमचाच माल आहे."

"आणि उद्या लागलं की पुन्हा नेणार, हो ना? हेलपाटे घालायची हौस."

ते नुसते हसले. डबा ठेवून गेले. दुपारी कळलं, मोठी कात्री त्यांनी कोपऱ्यावरच्या सोफे मढवणाऱ्याला देऊन टाकली. त्या कात्रीला ते बायकोलाही हात लावू देत नसत. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं, मुलीकडे निघालेत, सामान हलकं करतायत.

संध्याकाळी त्यांनी रस्त्यापलीकडून हाक मारली. मी गेले, तर टेबलावर कोट. इस्त्री केलेला, घडी घातलेला. मी घातला. खांद्यात असा बसला की मला यांची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी आरशाकडे वळले.

"तुमचं काम राहिलं होतं," मास्तर म्हणाले.

"आता मी भांडायला कोणाकडे येऊ?"

"तुम्हाला भांडायला माणसं कमी आहेत होय?"

अगदी नेहमीचं बोलणं. पण बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते दांडीकडे बघत होते. दांडी रिकामी होती, आणि इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदाच पाहिली. लाकडावर हँगरच्या आकड्यांनी खाचा पडल्या होत्या.

कोट घालूनच मी घरी आले. माझी सून नुकतीच कामावरून आली होती. ती मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स आहे. लग्न करून आली तेव्हा मी मुलाला म्हटलं होतं, बरं झालं, माझ्याशी राहायची तिला सवय असेल. तिचं आणि माझं पातेलं कुठे ठेवायचं यावरून रोज वाजतं. पण मनाची चांगली आहे, हे मी तिच्या पाठीमागे सांगते.

"अरे वा, आई! मास्तरांनी कोट दिला?" तिने पर्स ठेवली. "दिला तरी कसा?"

मी सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं, मला तशी सवय आहे. फ्रॉक, पँटी, पिशवी घेऊन दारोदार. ती आधी हसत होती. मग डब्याचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं, तशी हसायची थांबली.

"आई, याच्या आधी ते कसे होते? गेले दोन-तीन महिने?"

"पडलेले. जेवत नव्हते, झोप नव्हती. आता मात्र छान आहेत."

"एकदम छान झाले?"

"एकदम."

तिने खुर्ची ओढली आणि मला बसवलं. घरात मला बसवणारं कोणी नाही, पण बसले. ती म्हणाली, माणूस बरेच दिवस खोल खचलेला असतो आणि एकाएकी शांत होतो, हातातलं सगळं आवरतो, जीव लावलेल्या वस्तू वाटून टाकतो, तेव्हा आनंद मानायच्या आधी चौकशी करावी. कधी कधी ती शांतता बरं झाल्याची असते. आणि कधी कधी आतली ओढाताण संपलेली असते, कारण माणसाने ठरवून टाकलेलं असतं.

"काय ठरवून?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"तुम्ही त्यांना विचारलंत का, जीव द्यायचा विचार येतो का, असं?"

हातात पळी असती तर मी मारली असती. "असं विचारतं होय कोणी? नसेल डोक्यात तर घालायचं?"

"विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आई. असला तर तो आधीपासूनच असतो, आणि माणूस त्याच्याबरोबर एकटा कोंडलेला असतो. कोणीतरी सरळ विचारलं की उलट त्याला हायसं वाटतं. मी रोज विचारते. अजून एकानेही 'बरं झालं आठवण करून दिलीत' असं म्हटलेलं नाही."

असली थट्टा ती कोणत्या वेळी करेल याला धरबंध नाही. पण त्यामुळे मला श्वास घेता आला.

"तूच विचार ना मग."

"मी येते बरोबर. पण विचारा तुम्ही. मला ते तुमची सून म्हणून ओळखतात. तुमच्याशी ते इतकी वर्षं भांडलेत." जाताजाता तिने मला बजावलं. आडवळणाने नको, सरळ विचारा. रागवायचं नाही. मुलीच्या शपथा घालायच्या नाहीत. 'असं बोलू नये' म्हणायचं नाही. हो म्हणाले तर काय ठरवलंय, कधी, तेही विचारायचं, आणि एकटं सोडायचं नाही. बाकी मी बघते. "आणि मुख्य म्हणजे, आई, ऐकायचं."

ते शेवटचं तिने जरा जोर देऊन म्हटलं, माझ्या लक्षात आलं.

मास्तरांच्या दुकानात दिवा होता. सून माझ्या दुकानाच्या पायरीवर थांबली, फोन हातात घेऊन. मी रस्ता ओलांडला. तो रस्ता एवढासा आहे, पण संपता संपेना. काय सांगू, नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते.

मास्तर झाडून काढत होते. टेबल स्वच्छ. कोपऱ्यातल्या चिंध्या नाहीत. मी मशीनकडे पाहिलं. तेल पुसलेलं, दोरा काढून टाकलेला. लोखंडी पाय वर उचललेला आणि त्याच्याखाली काहीही नव्हतं. कॉलर नाही, खिसा नाही, चिंधीसुद्धा नाही. सुनेचं म्हणणं तोवर मला निम्मं पटलं होतं, ते मशीन पाहून पुरतं पटलं.

"बाही आखूड झालीय," मी म्हटलं. सरळ विचारायचं ठरलं होतं, पण तोंडातून हेच निघालं.

मास्तरांनी टेप घेतली, माझी बाही मापली. "आखूड नाही, वहिनी."

"माहीत आहे." मग मी डोळे मिटून विहिरीत उडी टाकल्यासारखं बोलून टाकलं. "मास्तर, मशीन का रिकामं आहे? तुम्ही जीव द्यायचं मनात आणलंय का?"

मला वाटलं ओरडतील. निदान हसण्यावारी नेतील. ते स्टुलावर बसले. टेप बोटांभोवती गुंडाळायला लागले आणि सोडायला लागले.

"हो," ते म्हणाले.

बाई गं. मला त्या क्षणी किती बोलावंसं वाटलं ते कोणाला सांगून पटणार नाही. पोरीचा विचार केलात का, म्हणावं. ह्यांना वर जाऊन काय तोंड दाखवणार होतात, म्हणावं. दोन कानाखाली द्याव्यात. सगळं घशापर्यंत आलं आणि मी गिळलं. नुसती समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "सांगा."

आणि ते बोलले. रात्री छताकडे बघत पडून राहायचं, पहाटे छाती भरून यायची. हात थरथरतो, म्हणजे काम गेलं. काम गेलं म्हणजे मी कोण? मुलीला नोकरीत बदलीवर वरची जागा मिळत होती, ती तिने नाकारली. 'बाबांना घेऊन तिकडे कुठे जाऊ' म्हणून, फोनवर कोणाला तरी सांगत होती, ते त्यांनी ऐकलं. नातीचं अभ्यासाचं टेबल स्वयंपाकघरात गेलं, कारण तिच्या जागी मास्तरांची खाट यायची होती. "मी अजून तिकडे राहायला गेलो नाही तोच सगळ्यांना सरकावं लागतंय. मी नसलो की सगळे आपापल्या जागी नीट बसतील. एवढं साधं दिसायला लागलं, वहिनी. बाकी काही दिसेचना. मग म्हटलं, जायच्या आधी कोणाचं कापड अडकून राहायला नको. लोकांनी शिव्या देत यावं आणि दुकान बंद दिसावं, हे बरं नाही दिसत."

हे सगळं ते मापं सांगावीत तसं सांगत होते. मला रडू फुटलं. ते पाहून तेही रडले. मला वाटलं, मी घोटाळा केला. पण सून नंतर म्हणाली की कित्येक आठवड्यांत त्यांना रडू आलं नसेल.

मी विचारलं कसं, कधी. तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, त्याची कोणाला गरज नाही. फक्त एवढंच सांगते की ते फार लांब नव्हतं.

मी दारातून हात केला. सून आली. ती त्यांच्याशेजारी खाली जमिनीवरच बसली. मला वाटलं होतं ती डॉक्टरी भाषेत काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "मास्तरकाका, तुम्ही फार थकलायत. इतके दिवस एकट्याने ओढलंत. थकलेल्या मनाला एकच दार दिसतं, बाकीची असतात पण दिसत नाहीत. हा आजार आहे आणि याला औषध आहे. आज रात्री आमच्या डॉक्टरांना भेटू. मी बरोबर आहे."

"वेड्यांच्या दवाखान्यात?"

"मी रोज जाते की."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "यांच्या घरात राहून तिथे कामाला जाता म्हणजे तुम्हाला विश्रांती नाहीच," ते म्हणाले. खरं सांगते, माझी बदनामी ऐकून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

माझा मुलगा आला. मागच्या खोलीतून जे हलवायचं होतं ते त्याने आणि सुनेने गाजावाजा न करता हलवलं. मास्तरांनी शर्ट बदलला. आणि सवयीने दिवा मालवायला गेले, तेव्हा माझी नजर पुन्हा त्या मशीनवर गेली. रिकामं मशीन मागे ठेवून या माणसाला दाराबाहेर पडू द्यायचं? माझ्या जिवाला ते सहन होईना.

मी कोट काढला. टेबलाच्या खणात उसवायचा काटा पडलेला होता, तो घेतला आणि डाव्या बाहीची शिवण खांद्यापासून टरकन उसवली. इतक्या वर्षांनी मिळालेला कोट. मास्तर "अहो, अहो" करेपर्यंत बाही माझ्या हातात होती. ती मी सुईखाली कोंबली आणि पाय खाली पाडला.

"हे काम राहिलंय," मी म्हटलं. "हे तुम्ही केल्याशिवाय होणार नाही. आणि आज करायचं नाही."

मास्तर मशीनजवळ गेले. वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली. ती जुनी आठी मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

"वहिनी, बाही उलटी ठेवलीत तुम्ही."

"मग?"

"मग काय मग? अस्तर वर आलंय. दोरा नाही वरचा. अशी ठेवतात होय?" त्यांनी पाय उचलला, बाही काढली, सुलटी केली, कड जुळवली. खिशात चाचपून दोरा काढला. ओवायला वेळ लागला, हात थरथरत होता. आम्ही तिघे दिव्याखाली श्वास रोखून उभे. दोरा गेला. त्यांनी बाही नीट सारली, सुई कापडात उतरवली, पाय पाडला. मग दिवा मालवला आणि आम्ही निघालो.

आता यावरून कोणी असं समजू नये की एका बाहीने माणूस वाचला. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा गुण यायला वेळ लागतो, आधी तोंड कोरडं पडतं आणि माणूस वैतागतो. हाताच्या थरथरीवरही उपाय निघाला, पुरता नव्हे पण बराच. मी रोज जायची. सून मला दारातच सांगायची, "आई, आज जास्त बोलू नका." मी दिवसाआड पाळायची.

मुलगी पहिल्याच गाडीने आली. बाबांच्या पलंगाशी बसून आधी रडली, मग तिने जे काही त्यांना झापलं त्यापुढे मी म्हणजे गोगलगाय.

"ती जागा मी तुमच्यासाठी सोडली असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच फोनवर म्हणालीस."

"मग काय म्हणणार? नवा साहेब खडूस आहे, त्याच्या हाताखाली मला मरायचं नाही, असं सांगू ऑफिसात? बाबांचं नाव पुढे केलं की कोणी पुढे विचारत नाही, म्हणून केलं! आणि टेबल स्वयंपाकघरात नेलं ते तुमच्या नातीनेच, तिला अभ्यास करता करता खायला लागतं!" मग तिचा आवाज बसला. "बाबा, मी काय ओझं उचलतेय ते तुम्ही परस्पर ठरवलंत. मला एकदा विचारलं असतंत."

मास्तर माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "वहिनी, मी साहेबाच्या खडूसपणापायी जात होतो." आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मुलगी पाठ चोळत होती आणि तिलाही हसू आवरत नव्हतं. नर्स दार उघडून बघून गेली.

नंतर एकदा, घरी आल्यावर, मी त्यांना विचारलं की त्या संध्याकाळी मी आले नसते तर. ते विचार करून बोलले. "मला मरणाची हौस नव्हती. मला झोप पाहिजे होती आणि कोणाच्या वाटेत यायचं नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच. पिशवी घेऊन लोकांकडे जात होतो ना, तेव्हा प्रत्येक दारात वाटायचं, हा विचारेल का, मास्तर, आज हे काय? सगळे खूश झाले." मग म्हणाले, "खूश होणारच. कपडे चांगले शिवले होते."

मुलीकडे ते थोडे दिवस राहिले आणि परत आले. खाट तिथे आहे, टेबल स्वयंपाकघरातच आहे, येणंजाणं चालू आहे. सोफे मढवणाऱ्याकडून कात्री मी परत आणली. तो कुरकुरत होता, दिलेली वस्तू मागायची नसते म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत समजावलं. त्याने कात्रीला धार लावून दिली आणि आता रोज सकाळी जाता येता मास्तरांच्या दारात थांबतो, उगीच. औषधवाला गोळ्यांची आठवण करून देतो आणि पँटीची कंबर सैल झाली म्हणून ती पुन्हा टाकून गेलाय. पाववालीनेही मोठीचा एक फ्रॉक टाकलाय. दांडी भरली. महिना होत नाही तो गल्लीत जुनी आरडाओरड सुरू झाली, "मास्तर, किती उद्या?" आणि मी बटणं मोजत ती ऐकायची, तेव्हा माझ्या जिवात जीव यायचा. लोकांना कळत नव्हतं मी कशाला हसते.

संध्याकाळी ते कुलूप लावतात तेव्हा मी समोरून बघते, सुईखाली काय आहे. त्यांना माहीत आहे मी बघते. ते आधी बाजूला होतात, मला दिसेलसं, आणि मग दार ओढतात.

परवा दुपारी मी एका बाईला लेस मापून देत होते. मास्तर रस्ता ओलांडून आले. चेहरा उतरलेला. बाईकडे न बघता ते मला म्हणाले, "वहिनी, आज ते पुन्हा आलंय. सकाळपासून."

लोकांसमोर, स्वतःहून, एवढं स्पष्ट. मी लेस टेबलावर टाकली. बाईला म्हटलं, उद्या या. स्टूल पुढे सरकवलं, सुनेला फोन लावला, तिने डॉक्टरांशी बोलून घेतलं आणि संध्याकाळी जायचं ठरलं. तोवर ते बसले आणि मी त्यांच्याजवळ बसले. फार बोललो नाही. त्यांनी चहा घेतला, गार व्हायच्या आत. दिवेलागणीला सून आली आणि ते दोघे निघाले.

दारातून मी विचारलं, "कोट?"

"उद्या या," मास्तर म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी गेले. कोट झाला नव्हता.